काम पाच जणांचं, खातं एकाचं: देणगीचे पैसे आपसात वाटायचे तर कायदा आणि टॅक्सचं काय?

अनुस्वार
नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं एकदाच मांडतो. आम्ही पाच जण मिळून जुन्या मराठी पुस्तकांची ध्वनिमुद्रणं करतो. लेखक जाऊन ६० वर्षं उलटलीत अशीच पुस्तकं घेतो म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न येत नाही, आणि सगळं फुकट ऐकायला ठेवतो. ऐकणाऱ्यांत अंध विद्यार्थी बरेच आहेत, आणि नजर अधू झालेले आजीआजोबा. मी रत्नागिरीला, वाचणाऱ्या दोघींपैकी एक मडगावला एक बेळगावला, एडिटिंग करणारा मित्र पुण्यात आणि वेबसाइट सांभाळणारी मैत्रीण न्यू जर्सीत. सगळी ओळख ऑनलाइनच झालेली.

लोक विचारायला लागले की पैसे कुठे पाठवायचे, म्हणून साइटवर यूपीआयचा क्यूआर लावला, तो पुण्याच्या मित्राच्या सेव्हिंग खात्याचा. ५१, १०१, ५०१ असे करत करत या आर्थिक वर्षात दीडेक लाख जमलेत आणि अजून तसेच पडून आहेत. आता अमेरिकेतले काही श्रोते मोठी रक्कम देतो म्हणतायत. सर्व्हरचं भाडं आणि माइक वगैरे जाऊन जे उरेल ते कामाच्या तासांप्रमाणे वाटून घ्यावं असं आमच्यात चाललंय, कारण वाचनाला खरंच खूप वेळ जातो, बेळगावच्या ताईंनी तर त्यापायी शिकवण्या कमी केल्यात.

तर टॅक्स कोणी भरायचा, ज्याच्या खात्यात आले त्याने की ज्याला वाटा मिळाला त्याने? परदेशातले पैसे घेतलेले चालतात का? आणि संस्था काढायलाच लागते का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

तळ्याकाठी
एवढं टेन्शन कशाला घेताय, देणगीला टॅक्स नसतो. आणि ५० हजारांपर्यंत गिफ्ट माफ आहे, पाच जणांत वाटलंत की प्रत्येकाला तीसच हजार येतात. विषय संपला.

ठाणेकर सीए
तळ्याकाठी, हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फार फिरतो म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

देणगी करमुक्त असते ती नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला, म्हणजे आयकर कायद्याच्या कलम १२एबीची नोंदणी असेल आणि तिच्या अटी पाळल्या तर. साध्या माणसाच्या खात्यात आलेल्या पैशाला ती सवलत नाही. आणि ५० हजारांची जी मर्यादा आहे ती कलम ५६(२) मधली, ती देणाऱ्याप्रमाणे नाही मोजत, घेणाऱ्याच्या वर्षभराच्या एकूण रकमेवर मोजतात. हजार जणांनी १०१ रुपये दिले तरी बेरीज एक लाख एक हजार, मर्यादा ओलांडली, आणि मग फक्त वरच्या ५१ हजारांवर नाही तर सगळ्या रकमेवर टॅक्स. नातेवाइकांकडून आलेलं, लग्नातलं, नोंदणीकृत ट्रस्टकडून मिळालेलं वगैरे यातून सुटतं, श्रोत्यांकडून आलेलं सुटत नाही. (कलमांचे नंबर १९६१ च्या कायद्याचे देतोय. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन कायदा लागू झालाय, त्यात नंबर बदललेत, पण आमच्या सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच आहेत.)

आता "वाटले की तीसच हजार" याबद्दल. पैसे एकाच्या खात्यात आले की आयकर खात्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न हा की ते येतानाच कोणाचे होते. सीतलदास तीरथदास म्हणून सुप्रीम कोर्टाची केस आहे, १९६१ ची. त्या गृहस्थांना कोर्टाच्या हुकुमाने बायकोमुलांना पोटगी द्यावी लागायची आणि ते म्हणाले की ही रक्कम माझ्या उत्पन्नातून वजा करा. कोर्ट नाही म्हणालं. उत्पन्न आधी तुमच्या हातात आलं आणि मग तुम्ही ते खर्च केलं, हे वेगळं; उत्पन्न तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच दुसऱ्याच्या हक्काने बाजूला वळलं, हे वेगळं. पुण्याचा मित्र पैसे घेऊन नंतर मनाने वाटत असेल तर तो पहिल्या प्रकारात बसतो. सगळे पैसे त्याचं उत्पन्न, आणि वाटप हा त्याचा खर्च. पैसे यायच्या आधीच पाच जणांत लेखी ठरलेलं असेल की हा फक्त सांभाळणारा आहे आणि अमुक हिस्सा अमुकाचा, तर बोलायला जागा आहे.

अनुस्वार
सीए साहेब, लेखी काहीच नाही आमच्यात, फक्त ग्रुपवरचं बोलणं. आणि मुळात हे गिफ्ट आहे की कामाचा मोबदला? आम्ही तर कोणाकडे मागितलेलं नाही, ऐकायला पैसे पण लागत नाहीत.

ठाणेकर सीए
यावर माझी आवडती केस सांगतो. त्रावणकोरचे पी. कृष्ण मेनन, पोलिस खात्यातून निवृत्त झालेले, ते वेदांत शिकवायचे, फी नाही काही नाही. लेव्ही नावाचा एक इंग्रज शिष्य अधूनमधून यायचा आणि त्याने आपण होऊन त्यांना मोठमोठ्या रकमा दिल्या. केस सुप्रीम कोर्टात गेली, १९५९ च्या रिपोर्टांमध्ये आहे. कोर्ट म्हणालं की शिकवणं हे त्यांचं व्यवसायासारखं कार्य आहे, त्यात नफ्याचा हेतू नसला तरी चालेल, आणि पैसे त्या शिकवण्यातून आले म्हणून ते उत्पन्न. याच्या उलट भावनगरच्या महाराजांनी आपल्या जुन्या दिवाणांना, पट्टणींना, पाच लाख दिले होते, ती केस १९६१ ची, तिथे कोर्टाने मानलं की हे माणसाबद्दलच्या मायेने दिलेलं आहे, कामाचा पगार नाही, म्हणून करपात्र नाही. तेव्हा गिफ्टवर टॅक्सचं आजचं कलम नव्हतं हे पण लक्षात घ्या.

तुमचा श्रोता पुस्तक ऐकतो आणि मग पैसे पाठवतो, म्हणजे तुम्ही मेननच्या बाजूला जास्त झुकता. आणि माझ्या मते तुमच्या फायद्याचं पण तेच आहे. गिफ्ट म्हणून दाखवलंत तर समोर खर्च वजा होत नाही, दीड लाख आले तर दीड लाखावर टॅक्स. व्यवसायाची जमा म्हणून दाखवलीत तर सर्व्हर, माइकचा घसारा, आणि मुख्य म्हणजे वाचणाऱ्या ताईंना कामापोटी दिलेले पैसे, सगळं वजा होतं. मग पुण्याच्या मित्राच्या हातात खरं तर थोडंच उरतं आणि ज्याचा त्याचा वाटा जो तो आपल्या रिटर्नमध्ये दाखवतो. ज्यांना दुसरं फारसं उत्पन्न नाही त्यांना नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्यच येतो.

पेणचा बापू
आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा खजिनदार होतो, त्या अनुभवावरून एक सांगतो जे वर कोणी लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१ क. गणपतीत वर्गणीच्या आधी मंडळं ती परवानगी घेतात, आता ऑनलाइन मिळते, नंतर हिशोब सादर करायचा असतो. शिक्षणाचं काम पण धर्मादायमध्येच येतं. तुम्ही "अंध विद्यार्थ्यांसाठी मदत करा" असं लिहून क्यूआर लावला असेल तर एकदा कार्यालयात विचारून घ्या, लोक समजतात की हे फक्त गणपती-नवरात्रीपुरतं आहे.

आणि दुसरं, पैसे एकाच्या नावावर आणि उद्या देव न करो त्याला काही झालं तर? खात्यावर नॉमिनी त्याची बायको. तिला कुठे माहीत असणार की यातले कुठले पैसे पुस्तकांचे. आमच्या ओळखीत एका मंडळात असंच झालं, खजिनदार अचानक गेले, मंडळाचे पैसे त्यांच्या सेव्हिंगला, आणि पोरांना त्या माउलीच्या दारात जाऊन मागायची वेळ आली. तिने दिले, पण दिले नसते तर कोणाकडे कसलाच कागद नव्हता.

न्यूजर्सीकर
अनुस्वार, तुमच्या वेबसाइटवाल्या मैत्रिणीसाठी लिहितेय कारण मी इथेच राहते. ती एच-१बी वर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तिने वाटा अजिबात घेऊ नये. त्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्यासाठीच काम करून पैसे घेता येतात, बाहेरच्या कामाचा मोबदला घेतला, मग तो भारतातल्या खात्यात का असेना, तर ग्रीन कार्डच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. तिने खरंखुरं विनामूल्य काम करावं आणि तसं लिहून ठेवावं. ती ग्रीन कार्डवर किंवा सिटिझन असेल तर घेऊ शकते, पण इथल्या टॅक्समध्ये जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं.

शिवाय तुम्ही उद्या जॉइंट खातं काढाल आणि तिला सही करायचा अधिकार द्याल, तर ते करू नका. परदेशातल्या खात्यांवर नुसता सहीचा अधिकार असला आणि वर्षात कधीही सगळ्यांची मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली तर इथे एफबार नावाचा वेगळा रिपोर्ट भरावा लागतो, विसरलं तर दंड मोठा आहे.

वसुधा मडगाव
गोव्याचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. मडगावच्या ताई लग्न झालेल्या असतील तर त्यांच्या वाट्याचं गणित वेगळं आहे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्नानंतर नवराबायकोची मिळकत सामायिक. म्हणून आयकर कायद्यात ५ए हे कलम गोवा आणि दादरा नगर हवेली, दमण दीवसाठी घातलंय. पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवराबायकोत अर्धं अर्धं धरतात आणि दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवतात. ताईंना वीस हजार मिळाले तर दहा त्यांचे दहा नवऱ्याचे, घरात प्रत्यक्ष कोणी का खर्च करेना. पुण्याच्या सीएला हे माहीत नसतं बहुतेकदा, सांगावं लागतं.

सज्जनगडचा वाटसरू
सगळं वाचलं. कायदा असेल तो असो पण मला मुळातच पटत नाहीये. लोकांनी पुस्तकांसाठी पैसे दिले, अंध मुलांचं नाव वाचून दिले, आणि तुम्ही ते आपसात वाटून घेणार? सेवा म्हणायचं आणि मग तासाचा हिशोब लावायचा हे बरोबर नाही. माझ्या आईने अशाच एका ठिकाणी पेन्शनमधून पैसे पाठवलेत, तिला हे कळलं तर वाईट वाटेल.

काजळरेघ
मी बेळगावची, वर उल्लेख आहे ती. वाटसरू दादा, तुमच्या आईंच्या भावनेचा मला मान आहे म्हणून उत्तर देते. एक तास ऐकण्याजोगं वाचायला तीनचार तास जातात, पंखा बंद करून, खिडक्या लावून, रात्री रस्ता शांत झाल्यावर. शब्द चुकला की परत. जुन्या पुस्तकातली नावं, संस्कृत श्लोक, बोलीतले संवाद, आधी बसून तयारी करावी लागते. हे मी आवडीने करते आणि पैसे नाही मिळाले तरी जमेल तेवढं करीन, पण मग महिन्याला एखादंच पुस्तक होईल कारण शिकवण्या घ्याव्याच लागतील. पैसे देणाऱ्याला पुस्तकं हवी असतील तर वाचणाऱ्याच्या वेळेला दाम देणं म्हणजे पुस्तकालाच देणं आहे. मात्र तुमचं एक म्हणणं सोळा आणे खरं, देणाऱ्याला ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे. क्यूआरच्या खाली आमच्याकडे आत्ता नुसतं "उपक्रमाला मदत करा" एवढंच आहे. ते बदला असं मी ग्रुपवर पण लिहिलंय.

ठाणेकर सीए
काजळरेघ ताई, कायद्याने पण तुमचं हेच म्हणणं महत्त्वाचं आहे. देताना काय सांगितलं होतं आणि पैसा कशाला गेला यात फरक पडला आणि कोणी तक्रार केली तर ते नुसतं टॅक्सचं राहत नाही, विश्वासघाताचं कलम लागू शकतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१६. त्यामुळे "यातला काही भाग वाचन आणि संपादन करणाऱ्यांना मानधन म्हणून दिला जातो" हे वाक्य क्यूआरच्या शेजारी ठळक हवं. आणि "करसवलत मिळेल" असं चुकूनही लिहू नका, देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारी ८०जीची नोंदणी तुमच्याकडे नाही.

खुला कोड
मी बरीच वर्षं ओपन सोर्सवाल्यांमध्ये वावरतो, तिथे हा प्रश्न जुना आहे. डेबियन ही स्वयंसेवकांनी बनवलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, केवढा मोठा प्रकल्प, पण कायद्याच्या नजरेत डेबियन नावाची कोणी व्यक्तीच नाही. त्याचे पैसे सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही अमेरिकेतली संस्था सांभाळते, १९९७ पासून. संस्था पैसे घेते, पावती देते, बिल आलं की भागवते, टॅक्सचं बघते, काही टक्के स्वतःकडे ठेवते. तुम्ही पण नवीन संस्था काढत बसण्यापेक्षा एखाद्या चालू, ८०जी असलेल्या ट्रस्टच्या छायेखाली जा, वाचनालयं आहेत, अंधांसाठी काम करणारे ट्रस्ट आहेत.

फक्त सगळी भिस्त एकाच संस्थेवर टाकू नका. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अशाच दुसऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की आम्ही बंद करतोय आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद झाली, तिच्या छायेखालच्या गटांना तेवढ्यात दुसरी जागा शोधावी लागली. तेव्हा ट्रस्टशी करार करताना बाहेर पडायचं झालं तर शिल्लक कुठे जाईल हे आधीच लिहून घ्या.

अनुस्वार
खुला कोड, हे आवडलं. पण मग आम्ही पाच जणच एक मंडळ म्हणून पॅन काढून खातं उघडलं तर? ट्रस्ट शोधायला वेळ लागेल. आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांचं कोणी सांगेल का, ते पैसे द्यायला अगदी तयार आहेत.

ठाणेकर सीए
मंडळ म्हणून खातं निघतं, बँक ठराव आणि पॅन मागते. पण टॅक्सला ते एओपी, म्हणजे व्यक्तींचा समूह. यात हिस्से ठरलेले नसतील, किंवा ठरलेले असून एका जरी सभासदाचं स्वतःचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कलम १६७बी प्रमाणे सगळ्यावर सर्वात वरचा दर. पुण्याचा मित्र नोकरीत आहे म्हणजे तुम्ही तिथेच सापडता. १२ लाखांपर्यंतची ती सूट पण एओपीला नाही, ती फक्त निवासी व्यक्तीला. तुमच्या पैशांचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल, म्हणून मी तरी हा रस्ता सुचवणार नाही. ट्रस्टकडून वाचनाची फी बिल लावून घ्या, फी वर्षाला ५० हजारांच्या वर गेली तर ट्रस्ट १०% टीडीएस कापेल, तो रिटर्नमध्ये परत मागता येतो. एक लक्षात ठेवा, तुमच्यापैकी कोणी त्याच ट्रस्टचा विश्वस्त झाला तर त्याला दिलेले पैसे कलम १३ खाली तपासले जातात, कामाच्या मानाने वाजवी असावे लागतात.

परदेशी पैशाला मात्र हात लावू नका असंच सांगेन, निदान आत्ता. एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कार्यक्रम चालवणाऱ्या कोणीही, संस्था असो की व्यक्ती, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी देणगी घ्यायची नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ही काही नुसत्या दंडाची गोष्ट नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला मिळालेली परदेशी देणगी पुढे दुसऱ्याकडे वळवता पण येत नाही, शिवाय ती आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणून "ट्रस्टकडे एफसीआरए आहे, तिथून घेऊ" हेही तितकं सरळ नाही. ट्रस्टने स्वतःच्या कामासाठी तुमच्याकडून वाचन करून घेऊन बिल भागवणं वेगळं, आणि ते पैसे तुमच्या गटाला देऊन टाकणं वेगळं.

न्यूजर्सीकर
यात एक महत्त्वाचा भेद आहे. इथल्या मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट अजून असेल तर त्याने बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी तो परदेशी. त्यामुळे एकाच घरात नवऱ्याचे चालतात आणि बायकोचे चालत नाहीत असं होऊ शकतं. पैसे घ्यायच्या आधी पासपोर्ट कुठला हे विचारा, जुन्या श्रोत्यांना विचारायला अवघड वाटतं पण विचारा.

तळ्याकाठी
सीए साहेब, राग नाही, मी वर लिहिलं ते मागे घेतो. अजून एक विचारतो, देणगीदारांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीला वाचून दाखवली तर जीएसटी लागतो का? आमच्या वाचनालयात हा प्रश्न निघाला होता.

ठाणेकर सीए
नुसतं आभारापोटी नाव घेतलं, त्याच्या धंद्याची जाहिरात केली नाही, तर नाही. ऑक्टोबर २०१९ चं सर्क्युलर आहे, धर्मादाय संस्थांच्या नावाच्या पाट्यांबद्दलच. "अमुक ज्वेलर्स, सोन्याची खात्री" असं वाचलंत तर ती जाहिरात झाली. तसंही सेवांना २० लाखांची मर्यादा आहे, तिथवर तुम्ही अजून पोचलेले नाही.

अनुस्वार
काल पाचही जण कॉलवर बसलो. मैत्रीण एच-१बी वरच आहे, ती वाटा सोडतेय. क्यूआर आज काढला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार करायचा ठरलाय, त्यात तासाचा दर, हिशोब दर तीन महिन्यांनी साइटवर लावायचा, आणि उपक्रम बंद पडला तर शिल्लक अंधशाळेला. अमेरिकेतल्या श्रोत्यांना कळवलंय की थांबा. एका ट्रस्टशी बोलणी सुरू आहेत. एकच राहिलं, मित्राच्या खात्यात आधीच जमलेत त्या दीड लाखांचं काय करायचं?

ठाणेकर सीए
करार आजच्या तारखेचाच करा, मागची तारीख अजिबात घालू नका. जुने पैसे मित्राच्या रिटर्नमध्ये या वर्षाची व्यवसायाची जमा म्हणून दाखवायचे, सर्व्हर आणि माइकची बिलं जोडून ठेवायची. पगाराबरोबर व्यवसाय आला की फॉर्म बदलतो, आयटीआर-१ चालणार नाही, ३ किंवा ४ लागेल. बेळगाव आणि मडगावच्या ताईंना मानधन द्यायचं तर ३१ मार्चच्या आत, बँकेतून, "अमुक पुस्तकाचं वाचन, इतके तास" असं साधं बिल घेऊन. आणि क्यूआर काढलात तरी त्या पानाचा जुना स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, देणाऱ्यांना तेव्हा काय सांगितलं होतं याचा तो एकमेव पुरावा आहे.

काजळरेघ
स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, ग्रुपवर टाकते. बिलाचा नमुना कोणाकडे असेल तर द्याल का?